भाजलेल्या हातांची भरपाई

दसरा जवळ आला की नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर बॉयलर अग्निप्रदीपनाची लगबग सुरू होते. सोनईचा मुळा, भेंड्याचा ज्ञानेश्वर, लोणीचा प्रवरा, कुठेही जा, रीत तीच. एखादे संचालक सपत्नीक पूजेला बसतात, नारळ फुटतो आणि भट्टीत पहिला जाळ पडतो. काही दिवसांनी गव्हाणीत मोळी टाकली जाते, चिमणी धुराने भरते, भोंग्याच्या वेळांवर आसपासच्या वाड्यावस्त्यांचा दिवस चालतो आणि हंगाम संपेपर्यंत तो जाळ शक्यतो विझू दिला जात नाही.

या जाळाने माणूस भाजतो तेव्हा काय होते, याचा इतिहास मात्र कारखान्याच्या स्मरणिकेत सापडत नाही. तो कायद्याच्या कलमांत, न्यायालयांच्या निकालांत आणि जळीत वॉर्डातल्या कागदांत विखुरलेला आहे. आणि त्या इतिहासाचा पहिला पाठ मराठी माणसांनीच लिहिलेला आहे.

साखरेच्या धंद्यात भाजण्याच्या जागा अनेक. बॉयलर हाऊसमधली वाफेची नळी, रस तापवणारे हीटर, पॅनमध्ये उकळणारा दाणेदार पाक, गंधकाची भट्टी, चुनखळी, उन्हाळ्यात पेट घेणारा बगॅसचा ढीग. यांत वाफ सर्वांत दगाबाज. उकळते पाणी अंगावर पडले तर एक ग्रॅम पाणी शरीराच्या तापमानाला येईपर्यंत साठ-पासष्ट कॅलरी उष्णता देते. तेवढीच वाफ कातडीवर पाणी होताना त्याआधीच सुमारे ५४० कॅलरी देऊन टाकते. म्हणून व्हॉल्व्हच्या गॅस्केटमधून सुटलेली, डोळ्यांना धड दिसतही नसलेली वाफ क्षणात हाताची कातडी सोलून काढते. पाकाचे दुखणे आणखी वेगळे. तो चिकटतो. पाणी ओघळून जाते, पाक हाताला धरून बसतो आणि आत आत भाजत राहतो.

कारखाने येण्याआधी हेच गुऱ्हाळावर घडत होते. काहिलीत रस उकळायचा, चुलवाणात रात्रंदिवस जाळ असायचा, आणि झोपेने पेंगुळलेल्या माणसाचा तोल गेला की अनर्थ. तेव्हा भाजलेल्या माणसाला काय मिळायचे ते पूर्णपणे मालकाच्या मनावर असे. चांगला मालक असला तर औषधपाणी आणि चार पायली ज्वारी, नसला तर काही नाही. मागायचा हक्क कुणालाच नव्हता.

इंग्रजांनी १८५५ मध्ये अपघाती मृत्यूचा कायदा आणला. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याच्या बायकामुलांना दिवाणी दावा लावता येऊ लागला. पण चूक सिद्ध करायची ती विधवेने. त्यातच विलायती न्यायालयांनी १८३७ पासून एक तत्त्व रूढ केले होते: एका कामगाराच्या हलगर्जीपणामुळे दुसरा कामगार जखमी झाला तर मालक जबाबदार नाही, कारण नोकरी धरतानाच सोबत्याच्या चुकीचा धोका त्याने पत्करलेला असतो. हे तत्त्व एखाद्या बॉयलरपाशी लावून पाहावे. पाण्याची पातळी पाहणाऱ्याला डुलकी लागली, बॉयलर फुटला, शेजारी कोळसा ओढणारा होरपळला. चूक कुणाची? पातळी पाहणाऱ्याची. तो सहकारी. मग मालक सुटला. आणि पातळी पाहणाऱ्याला सलग पंधरा तास उभे कुणी केले, हा प्रश्न न्यायालयात यायचाच नाही. कोलकात्यात १८६३ मध्ये बॉयलर फुटून माणसे मेली तेव्हा पुढच्याच वर्षी बंगालने बॉयलर तपासणीचा कायदा केला. यंत्राची तपासणी अशी लवकर सुरू झाली. भाजलेल्या माणसाला भरपाई मिळायला आणखी साठ वर्षे लागली.

या साठ वर्षांच्या मधोमध नारायण मेघाजी लोखंडे उभे आहेत. ते सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक, आधी गिरणीतच नोकरी केलेले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. त्यातली रविवारच्या सुटीची मागणी सगळ्यांना ठाऊक आहे, शाळेच्या पुस्तकातही ती येते. दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, ठरलेल्या तारखेच्या आत पगार, याही मागण्या होत्या. पण शेवटची मागणी कुणी फारशी सांगत नाही. कामावर गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी.

त्यात चूक कुणाची हे विचारलेलेच नाही. यंत्रावर काम करताना माणूस मोडला तर त्याचा खर्च यंत्राच्या मालकाने उचलायचा, इतके सरळ. सूत काढताना पट्टा तुटणार, वाफ सुटणार, कुणाचा तरी हात जाणार, हे लोखंडे आणि त्यांचे सोबती रोज डोळ्यांनी पाहत होते. कोट्यवधींच्या नफ्यात त्या हाताची किंमत धरलेली नव्हती, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याची सुटी पदरात पडली. इजेच्या भरपाईची मागणी मात्र तशीच राहिली. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे गेले.

वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट मार्च १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला, म्हणजे लोखंड्यांच्या निवेदनानंतर तब्बल ४० वर्षांनी. त्या वेळी केंद्रीय कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते नारायण मल्हार जोशी, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक. नव्या कायद्याचा गाभा लोखंड्यांच्या मागणीचाच होता. कामामुळे आणि काम चालू असताना इजा झाली एवढे दाखवले की पुरे, मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. रकमा मात्र हात राखून ठेवलेल्या. मृत्यूला ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांत जे कमी असेल ते. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, पुन्हा कमी असेल ते. 'सोबत्याची चूक, मालक मोकळा' हे जुने तत्त्व १९३८ च्या एम्प्लॉयर्स लायबिलिटी ॲक्टने मोडून काढले.

कायदा झाला तेव्हा नगर जिल्ह्यात साखर पिकायला लागलीच होती. पहिल्या महायुद्धानंतर बेलापूर कंपनीने हरेगावला कारखाना उभारला, पुढे टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स आली. या खासगी कारखान्यांत मालक आणि कामगार यांच्यातली रेघ ठळक होती. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि ती रेघ पुसट झाली. मुळा धरणाचे पाणी नेवासे तालुक्यात खेळले, ऊस वाढला आणि सोनईलाही यशवंतराव गडाखांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला. दुष्काळी माळावर राहणाऱ्यांना या कारखान्यांनी शाळा, दवाखाने, रस्ते आणि घरच्याघरी नोकरी दिली. हे ऋण मोठे आहे आणि लोक ते मानतात.

पण त्यातूनच भरपाईच्या बाबतीत एक अवघड जागा तयार झाली. सहकारी साखरपट्ट्यातल्या कुठल्याही गावात ती दिसते. पोरगा पॅनवर भाजला, तर त्याचा बाप कारखान्याचा सभासद असतो, चुलता ऊस वाहतुकीला, मेव्हणा पतसंस्थेत. दावा लावायचा कुणावर? आपल्याच कारखान्यावर? मग चार शहाणी माणसे जमतात, दवाखान्याचे बिल कुणीतरी भरते, पोराला हलके काम देण्याचा शब्द दिला जातो आणि गावातच मिटते. पुष्कळदा तो शब्द पाळलाही जातो. पण संचालक मंडळ बदलते, शब्द देणारा निवृत्त होतो, आणि तोवर दाव्याची दोन वर्षांची मुदत टळून गेलेली असते. आपुलकी आणि हक्क यांत निवड करायची वेळच यायला नको. विमा कंपनीने द्यायची रक्कम मागितल्याने कारखान्याशी वैर होत नाही, हे कामगाराला कुणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगायला हवे.

यात आणखी एक खाच आहे. कामगार राज्य विमा योजनेच्या कायद्याने हंगामी कारखाने बाहेर ठेवले, आणि हंगामी म्हणजे कोणते याच्या यादीत साखर आणि गूळ यांचे नाव स्पष्ट घातले. पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कारखान्यातला कमी पगाराचा कामगार भाजला की त्याच्यामागे विमा योजनेचे रुग्णालय आणि दरमहाचा लाभ उभा राहतो. निव्वळ हंगामी साखर कारखान्यातल्या कामगाराला बहुतेक वेळा १९२३ च्याच कायद्याचा आधार होता. तोच कायदा २०१० पासून एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन ॲक्ट या नावाने चालला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची कलमे सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहेत.

या कायद्याचा हिशेब कसा चालतो ते एकदा मांडून पाहिलेले बरे. समजा, तीस वर्षांचा कामगार कायमचा पूर्ण अपंग झाला. २०२० पासून हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० रुपये महिना पगार धरला जातो. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. तीस वर्षांच्या वयाला कायद्याच्या तक्त्यातला गुणक २०७.९८. गुणाकार येतो १८,७१,८२० रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, तो २००९ च्या दुरुस्तीने मिळू लागला. रक्कम महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण उशीर केला असेल तर निम्म्यापर्यंत दंड.

पूर्ण अपंगत्व कशाला म्हणायचे, याची एक यादी कायद्याला जोडलेली आहे. दोन्ही हात जाणे, दोन्ही डोळे जाणे यांच्या पंक्तीला तिथे अतिशय गंभीररीत्या विद्रूप झालेला चेहरा बसवला आहे. शंभर टक्के. विद्रूप चेहऱ्याच्या माणसाचे हातपाय धड असले तरी त्याला काम कुणी देत नाही, ही गोष्ट या कायद्याने मान्य केली, त्याबद्दल तो लिहिणाऱ्यांचे मोल मानावे लागते.

बाकीच्या भाजण्याला यादीत जागा नाही. बोट तुटले तर कोणत्या पेरापासून तुटले यावर टक्का ठरलेला आहे, पण हाताची कातडी जळून पाची बोटे आखडली तर डॉक्टरने कमाईची ताकद किती गेली ते लिहून द्यायचे. खरी लढाई इथे होते. टक्का ४० लिहिला तर वरचे १८ लाख ७१ हजार साडेसात लाखांवर येतात. आणि भाजलेल्या शरीराचे नुकसान टक्क्यात पकडणे कठीण असते. जखम भरली म्हणजे माणूस बरा झाला असे नाही. मानेवरची नवी कातडी आकसते आणि हनुवटी छातीकडे ओढली जाते. कोपर सरळ होत नाही. व्रण वाढून गाठी होतात, रात्ररात्र खाज सुटते. खोल भाजलेल्या जागी कातडी लावली तर तिथे घामाच्या ग्रंथी परत येत नाहीत, म्हणून अंगाचा मोठा भाग भाजलेल्या माणसाला ऊन सोसवत नाही. पंख्याखाली बसून काम करणाऱ्याचे यात थोडे जाते. एप्रिलच्या उन्हात फडात उभे राहणाऱ्याचे सगळे जाते. डॉक्टर जर फक्त कोपर किती अंशात वाकते ते मोजत असेल तर हे नुकसान कागदावर येतच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा पन्नास वर्षांपूर्वी, १९७५ च्या अखेरीस, एका सुताराच्या प्रकरणात निकाली काढला. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे ते अंशतः अपंगत्व. न्यायालय म्हणाले, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा या माणसापुरते हे पूर्ण अपंगत्व आहे. आणि भरपाई देणे लागते ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नव्हे. पुढे २०१० मध्ये मोटार अपघाताच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने शरीराचा टक्का आणि कमाईचा टक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आणखी तपशिलात सांगितले. भाजलेल्या प्रत्येक मजुराच्या वकिलाने हे दोन निकाल जवळ ठेवावेत.

हे झाले मालक-कामगारांचे. रस्त्यावर भाजलेल्यांचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला आणि त्यातला एक महत्त्वाचा टप्पा सातारा जिल्ह्यातला आहे. २९ ऑक्टोबर १९८७ ची पहाट. पुणे-बंगळूर महामार्गावर कवठे गावाजवळ तीनच्या सुमारास पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्यापासून वीसेक फूट दूर जाऊन कलंडला. पेट्रोल गळून साचू लागले. उजाडले तशी आसपासची माणसे जमली. सव्वासातच्या सुमारास टँकरचा स्फोट झाला. जमलेल्यांतले अनेक जण होरपळले, काही दगावले.

मोटार वाहन कायद्यात १९८२ मध्ये एक नवे कलम आले होते. चूक कुणाची हे ठरण्याआधीच मृताच्या वारसाला १५,००० आणि कायम अपंगत्व आलेल्याला ७,५०० रुपये द्यावेत, असे ते सांगत होते. गावातल्या एका आईने मुलगा गेल्यावर या १५,००० साठी अर्ज केला. न्यायाधिकरणाने तो फेटाळला. टक्कर तीनला झाली, स्फोट सव्वासातला, तेव्हा वाहन उभे होते, तेव्हा स्फोटाचा वाहनाच्या वापराशी संबंध नाही, असे कारण दिले. मुंबई उच्च न्यायालयाने हे उलटवले. टँकरचा मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै १९९१ मध्ये हरला.

पंधरा हजारांसाठी दिलेल्या या निकालाने देशभरातल्या दाव्यांची दिशा ठरवली. वाहन चालत असतानाच वापरात असते असे नाही, बिघडून किंवा कलंडून पडलेलेही ते वापरातच असते. आणि कायद्याने 'वापरामुळे झालेला' इतका अरुंद शब्द न घालता 'वापरातून उद्भवलेला' असा रुंद शब्द घातला आहे, तेव्हा टक्कर, गळती आणि स्फोट ही एकच साखळी आहे. चार तास पेट्रोल गळत राहिले आणि लोकांना लांब ठेवायची व्यवस्था कुणी केली नाही, हे विसरून गावकऱ्यांनाच बोल लावणे किती सोपे होते. न्यायालय त्या मोहात पडले नाही. चूक न विचारता द्यायची रक्कम आज मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख आहे.

त्या खटल्याच्या थोडे आधी आणखी मोठा बदल झाला होता. दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम वायू गळाला, भोपाळची जखम ताजी होती, आणि डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने सांगितले की धोकादायक धंदा करणाऱ्याला कोणतीही सबब नाही. तो पूर्णपणे जबाबदार, आणि उद्योग जितका मोठा तितकी भरपाई मोठी. साखरपट्ट्याला तेव्हा याचे फारसे सोयरसुतक नव्हते. आता आहे. कारखान्यांना आसवनी आणि इथेनॉलच्या टाक्या जोडल्या गेल्या आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोनईपासून दूर नसलेल्या शेवगाव तालुक्यात गंगामाई कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पाला लागलेली आग साऱ्या परिसराने पाहिली. बगॅसची आग पाण्याने विझते, इथेनॉलची वेगळ्या फेसाने विझवावी लागते, आणि तिची ज्योत दिवसा डोळ्यांना नीट दिसतही नाही. कारखान्याच्या भिंतीबाहेर राहणाऱ्यांनाही आता या निकालाशी कर्तव्य आहे.

विजेच्या तारांचेही असेच. नेवासे तालुक्यात लोंबकळणाऱ्या तारा घासून उभा ऊस पेटतो, आणि तो विझवायला धावलेला माणूस भाजतो. मध्य प्रदेश वीज मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले की जिवंत तार लोकांना इजा करणार नाही हे पाहणे मंडळाचे काम, मग आकडा टाकणारा तिसराच कुणी असला तरी. अपघात झाला की विद्युत निरीक्षकाकडून चौकशी होते. त्या अहवालाची प्रत मागून घ्यावी, कारण दाव्यात तिच्याइतके वजन दुसऱ्या कागदाला क्वचितच असते. घरगुती गॅसचे तर विम्याचे कवच प्रत्येक नोंदणीकृत जोडणीमागे आहे. तेल कंपन्यांच्या पॉलिसीत सिलिंडरच्या आगीत मृत्यू झाल्यास माणशी सहा लाख आणि उपचाराला माणशी दोन लाखांपर्यंत तरतूद आहे. ग्राहकाने त्याचा हप्ता भरायचा नसतो, म्हणून ते असल्याचेच घरोघरी ठाऊक नसते.

नगरला स्वतःची मोठी जखम मिळाली ती ६ नोव्हेंबर २०२१ ला. भाऊबीजेचा दिवस. जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात सकाळी आग लागली आणि कोरोनाशी झुंजणारे ११ रुग्ण गेले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बाळे गेली होती. नगरच्या मृतांच्या वारसांना राज्य सरकारने पाच लाखांची मदत जाहीर केली, काही डॉक्टर-परिचारिकांवर कारवाई झाली. पण सरकारने मदत म्हणून दिलेला पैसा आणि हलगर्जीपणाची भरपाई म्हणून न्यायालयाने ठरवलेला पैसा यांत फार अंतर आहे. पहिल्यात कुणाची चूक हे नोंदलेच जात नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे अशा इमारतीत दर जानेवारी आणि जुलैला यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला द्यायचा असतो. जळालेल्या वॉर्डाबद्दल पहिला प्रश्न त्या दाखल्याचा असायला हवा. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ मध्ये ५९ माणसे गुदमरून मेली, तेव्हा त्यांच्या नातेवाइकांनी संघटना बांधून तोच प्रश्न लावून धरला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाची रक्कम कमी करून प्रौढ मृतामागे १० लाखांवर आणली, पण ८५ टक्के भार चित्रपटगृहाच्या चालकांवर आणि १५ टक्के दिल्ली विद्युत बोर्डावर टाकला. कुणाचा वाटा किती, हे कागदावर आले.

या सगळ्या कायद्यांची सावली जिथे विरळ होत जाते, ती जागा सोनईच्या शिवारातच आहे. कारखान्याच्या तळावर हंगामात कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कामट्या, चटई किंवा ताडपत्री, वर उसाचे पाचट. आत तीन दगडांची चूल, कपडे, धान्य आणि लहान मूल. आईबाप पहाटे तीन-चारला कोयते घेऊन फडात जातात. ठिणगी उडाली तर कोपी जळायला काही मिनिटे पुरतात. पाथर्डी, शेवगाव, बीड, आष्टी इथून आलेल्या या कुटुंबांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मुकादमाचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा कारखान्याशी. अपघात झाला की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. जळालेल्या कोपीत भाजलेले मूल तर कुणाचाच कामगार नसते.

ऊसतोड कामगारांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून हाती घेतला. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे आणि त्यासाठी कारखान्यांकडून उसाच्या टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरले. हे चांगलेच आहे. तरी मदत आणि हक्क यांतले अंतर इथेही उरते. मुख्य मालकाने कंत्राटदाराच्या माणसाचीही भरपाई द्यावी, हे कलम १९२३ पासून कायद्यात आहे. मुकादमाच्या वहीत नाव नाही, हजेरीपत्रक नाही, म्हणून ते फडापर्यंत पोहोचत नाही. तोडणीच्या टोळीतल्या प्रत्येक बाईपुरुषाचे नाव हंगामाच्या पहिल्या दिवशी कारखान्याच्या दप्तरी लिहिले गेले तर निम्मा वाद संपेल, आणि हे करायला नवा कायदा लागत नाही.

तोवर भाजलेल्या माणसाजवळ पहिल्या काही दिवसांचे कागदच असतात. दवाखान्यात दाखल करताना 'कसे भाजले' या रकान्यात जे लिहिले जाते, पोलिसांनी जो जबाब घेतला, घटनास्थळाचा जो पंचनामा झाला, त्यांवर पुढची सगळी इमारत उभी राहते. वेदनेत, इंजेक्शनच्या गुंगीत, शेजारी मुकादम उभा असताना 'स्टोव्हवर भाजलो' असे सांगितले गेले की वाफेची नळी पुराव्यातून निघून जाते. म्हणून नातेवाइकाने जबाब वाचून घ्यावा, जखमांचे फोटो तारखेसह काढावेत, औषधांची प्रत्येक पावती जपावी. भरपाईचा अर्ज दोन वर्षांत करायचा असतो, मोटार अपघाताचा तर २०२२ पासून पुन्हा सहा महिन्यांतच.

आणि अर्जासाठी अपघाताच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. १९२३ च्या कायद्यातल्या १९९५ च्या दुरुस्तीने जखमी माणूस जिथे राहतो तिथल्या भरपाई आयुक्तापुढे अर्ज करण्याची मुभा दिली. मोटार अपघाताच्या दाव्यालाही ही सोय आहे. कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यावर भाजलेला पाथर्डीचा तोडकरी नगरला दावा दाखल करू शकतो, आणि सोनईच्या तळावर भाजलेली आष्टीची बाई बीडला.